जॅकवरचा ज्वालामुखी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा रसायन नको, ज्योत नको आणि वीजही नको, असा मुख्याध्यापिका बाईंचा हुकूम सुटला होता. गेल्या वर्षी सोडा आणि व्हिनेगर घालून फसफसणारे इतके ज्वालामुखी एकदम फुटले, की सभागृहाची लाकडी जमीन फुगून वर आली. अजूनही तिच्यावरून चालताना माणूस बोटीत असल्यासारखा डुलतो. तेव्हा यंदा जे हलेल ते हाताने, चाकाने नाहीतर दोरीने हलेल. हे ऐकून शहाण्या मुलांनी पवनचक्क्या घेतल्या, कप्प्या घेतल्या. इन्स्पेक्टरसाहेबांच्या मुलीने ज्वालामुखी घेतला.

"विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, हाताने ज्वालामुखी कसा फुटणार," ती जेवताना ताटाकडे बघत म्हणाली. "मी म्हटलं, बाबा करतील."

ही मुलगी मुळात फार कमी बोलायची. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायची तेही इतकं हळू, की समोर बसलेली असूनही तिची गैरहजेरी लागायची. अशा मुलीने चारचौघांत तोंड उघडावं आणि त्यातून 'बाबा करतील' एवढंच बाहेर पडावं, म्हटल्यावर बापाने काय करायचं? इन्स्पेक्टरसाहेबांनी घास गिळला आणि म्हणाले, "करू की. त्यात काय आहे."

त्यात काय काय आहे, हे त्यांना पुढे यथावकाश कळलं.

आता हे 'इन्स्पेक्टरसाहेब' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. गृहस्थ लिफ्ट तपासणीच्या सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते. कागद नीट टाचले आहेत ना, सही जागेवर आहे ना, हे बघून शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. आणि ते काम ते इतकं चोख करायचे की त्यांच्या टेबलावरून वाकडा शिक्का कधी बाहेर गेला नाही. पण लिफ्टच्या वरच्या यंत्राच्या खोलीत त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. या इमारतीत राहायला आले तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यांच्या पिशवीवरचं कार्यालयाचं नाव वाचलं आणि 'या, इन्स्पेक्टरसाहेब' म्हणून स्वागत केलं. साहेब दुरुस्ती करणारच होते. पण तेवढ्यात सामानाचं कपाट जिन्यात अडकलं, आणि मग दुरुस्तीची योग्य संधी अशी काही आलीच नाही. पुढे लिफ्ट कुरकुरली की लोक त्यांना अडवायचे. ते डोळे मिटून क्षणभर ऐकायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "बेअरिंग." लोकांचं समाधान व्हायचं. लिफ्ट कुरकुरत राहायची.

तर अशा माणसाने ज्वालामुखी करायला घेतला.

पहिला प्रयत्न सायकलच्या पंपाचा. डब्यात कॉर्नफ्लॉवरची लाल खळ भरली, झाकणाला नळी बसवली आणि खालून हवा मारायला सुरुवात केली. वाटलं होतं, लाव्हा धीरगंभीरपणे वर येईल. पण हवेला धीर नसतो. तिने खळीला ओलांडून परस्पर वाट काढली, डबा शिंकला, आणि स्वयंपाकघराचं छत, भिंत आणि साहेब असे तिघेही एकाच रंगाचे झाले. नेमक्या त्या वेळी बायको कामावरून घरी आली. ती इस्पितळात नर्स होती. दारातून आत बघताच तिने पर्स खाली टाकली आणि आधी नवऱ्याची नाडी धरली. मग बोटाला लागलेला लाल रंग चाटून पाहिला आणि नाडी सोडून दिली.

"अहो, तुम्ही दुकानातून काहीतरी तयार आणा ना," ती म्हणाली.

"तयार आणायचं असतं तर तिने माझं नाव कशाला सांगितलं असतं?" साहेब छत पुसत म्हणाले. बायकोने स्टूल धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना साहेबांना साक्षात्कार झाला. टूथपेस्टची नळी आपण दाबतो. ती शिंकत नाही, सावकाश बाहेर येते. म्हणजे लाव्हाला फुंकर नको, दाब हवा. आणि दाबही असा, सरकारी कारभारासारखा: सगळीकडून आणि सावकाश. ते तसेच तोंडात फेस घेऊन बाहेर आले. समोर सासूबाई शेकायच्या रबरी पिशवीवर गुडघा टेकवून पेपर वाचत होत्या. साहेब पिशवीकडे बघतच राहिले.

"जावईबापू, तिकडे बघू नका," सासूबाई पेपर खाली न करता म्हणाल्या. "ही पिशवी माझ्याबरोबर या घरात आलीय आणि माझ्याबरोबरच जाईल."

वाटाघाटींना दोन दिवस लागले. शेवटी नातीच्या नावावर पिशवी मिळाली, पण एका अटीवर: पिशवी जिथे जाईल तिथे सासूबाई जातील.

दाब देण्याचा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी सोडवला. डॉक्टर निवृत्त झाले होते आणि उपदेश करायला आता त्यांच्यापुढे तोंड उघडून बसलेला कोणी उरला नव्हता, त्यामुळे बंद तोंडाच्या माणसांवर त्यांचं भागायचं. त्यांनी आपल्या जुन्या मोटारीचा जॅक दिला. पिशवी दोन फळ्यांच्या मध्ये, खालच्या फळीखाली जॅक. हँडल फिरवलं की खालची फळी वर चढते, पिशवी चेपली जाते आणि लाव्हा नळीतून शिखराकडे निघतो. कल्पना साहेबांची, जॅक डॉक्टरांचा. जॅक दिल्यामुळे डॉक्टरांना पर्वतावर बोलण्याचा हक्क मिळाला आणि तो त्यांनी सोडला नाही.

"कागदाचा लगदा काय लावताय? प्लास्टर घ्या. माझ्याकडे पोतंभर पडलंय. दातांचे साचे करायचं. एकदा बसलं की हलायचं नाही."

तारेच्या जाळीवर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने प्लास्टर चढवलं. हाताला लागलेलं वळण सुटत नाही. पर्वत उत्तम झाला, भरदार झाला, फक्त वरून बघितला की थेट दाढ दिसायचा. चार कोपऱ्यांना चार उंचवटे आणि मधे खळगा. "किडलेली आहे," सासूबाईंनी खळग्यात डोकावून निदान केलं. साहेबांनी संध्याकाळभर कानस घेऊन तिचा पर्वत केला. मुलीने त्याला तपकिरी रंग दिला, पायथ्याला हिरवा, आणि एका बाजूला नखाएवढी घरं काढली. घरं काढताना तिने विचारलं, "बाबा, लाव्हा या बाजूने नको ना यायला?" साहेबांनी त्या बाजूचा काठ थोडा उंच करून दिला.

पहिली चाचणी झाली. हँडल फिरलं, आत काहीतरी गुरगुरलं, आणि शिखरावर एक लाल थेंब आला, काठावर क्षणभर थबकला आणि उतारावरून निघाला. मागून दुसरा. घरं वाचली. मुलीने बापाची बाही घट्ट धरून ठेवली होती.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण विज्ञानाच्या बाईंना जॅकचं कळलं आणि त्या घाबरल्या. गेल्या वर्षीच्या जमिनीपायी त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. "यंत्र आहे म्हणता, तर जबाबदार कार्यालयाचा सुरक्षिततेचा दाखला आणा," त्या साहेबांना म्हणाल्या. "तुम्हाला काय अवघड? तुम्ही स्वतःच इन्स्पेक्टर."

शिक्का साहेबांच्याच ड्रॉवरमध्ये होता. दुसरा कोणी असता तर दुपारच्या चहाच्या आत मोकळा झाला असता. पण साहेब सरळ माणूस. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, तो हेडक्लार्क या नात्याने स्वतःच स्वीकारला, वाचला, आणि त्यात नकाशा जोडलेला नाही म्हणून स्वतःकडे परत पाठवला. नकाशा जोडल्यावर अर्ज मोठ्या साहेबांकडे गेला.

मोठ्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "ज्वालामुखी आपल्या कक्षेत येतो का?"

"जॅक आहे साहेब आत."

"म्हणजे उचलतो. काय उचलतो?"

"लाव्हा, साहेब."

मोठे साहेब बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. "लाव्हा हा माल झाला," ते अखेर म्हणाले. "मालवाहू लिफ्टचा नियम लावा. पण मग जागेवर जाऊन तपासणी करावी लागेल. आपल्याच माणसाचं काम, उद्या कोणी बोट ठेवायला नको."

हे सगळं नियमाला धरून होतं, आणि नियम साहेबांना पाठ होते. जागेवर तपासणी म्हणजे काय, हे मात्र तपासनीस बाई इमारतीच्या फाटकातून आत आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात उतरलं. त्या तरुण होत्या, खांद्याला हत्यारांची पिशवी होती आणि छातीवर स्वच्छ अक्षरांत 'तपासनीस' लिहिलेलं होतं. साहेब त्यांना घ्यायला जिना उतरेपर्यंत सेक्रेटरीने त्यांना गाठलं होतं. डॉक्टरही तिथेच उभे होते.

"कोणाकडे आलात?" सेक्रेटरीने विचारलं.

"ज्वालामुखीची तपासणी आहे."

"अहो, मग तुम्हाला कशाला पाठवलं? आमच्या इथेच इन्स्पेक्टर राहतात."

"कोण?" बाईंनी हातातल्या कागदावरचं नाव बघितलं आणि अगदी आपुलकीने म्हणाल्या, "हे? हे आमचे हेडक्लार्क. फार चांगले आहेत. यांच्याशिवाय ऑफिसात एक कागद हलत नाही."

साहेब जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. तिथून मागे फिरता येत नव्हतं आणि पुढे जाण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

बाईंनी पर्वत आतून-बाहेरून पाहिला, हँडल फिरवलं, फळ्यांचे स्क्रू आवळले आणि दाखल्यावर लिहिलं, 'माल वाहतुकीस योग्य. प्रवासी नेऊ नयेत.' जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या ज्वालामुखीला काही नाही. खालची लिफ्ट मात्र मला बरी वाटली नाही. सेक्रेटरींना सांगितलंय."

त्यानंतर साहेबांना कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. डॉक्टर जिन्यात भेटले, "काय इन्स्पे..." म्हणाले आणि उरलेला शब्द खोकल्यात घालवला. लिफ्ट कुरकुरली तरी कोणी त्यांच्याकडे बघेना. साहेबांना वाटायचं, कोणीतरी एकदा तोंडावर म्हणून टाकावं, म्हणजे आपल्यालाही काहीतरी म्हणता येईल. पण सगळे फार सभ्य वागत होते. रात्री ते बायकोला म्हणाले, "मी कधी स्वतःहून सांगितलं नव्हतं, की मी इन्स्पेक्टर आहे."

"नाही," बायको म्हणाली. "तुम्ही फक्त बेअरिंग म्हणायचात." आणि त्यांच्या अंगावर पांघरूण ओढून दिलं.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. बायकोची सकाळपाळी होती; ती परस्पर शाळेत येणार होती. डॉक्टरांच्या प्लास्टरने पर्वत असा काही जड झाला होता की जिन्यावरून नेणं शक्य नव्हतं. साहेबांनी तो चाकांच्या पाटावर चढवला आणि लिफ्टमध्ये ढकलला. मग मुलगी शिरली. मग अटीप्रमाणे सासूबाई शिरल्या, हातात उरलेल्या लाव्हाची बरणी घेऊन. साहेबांनी दार ओढलं. लिफ्ट निघाली, कुरकुरली, एक आचका दिला आणि दोन मजल्यांच्या मधे थांबली. दिवाही गेला.

अंधारात सासूबाईंचा श्वास ऐकू यायला लागला. या बाईने आयुष्यात कशाला भीक घातली नव्हती, पण बंद जागेत त्यांना गुदमरायचं. जिना चढायचं जिवावर यायचं तरी त्या एकट्या कधी लिफ्टने जात नसत. "जावईबापू," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "मला धरायला काहीतरी द्या."

वरून सेक्रेटरीचा आवाज आला. "कोण आहे आत? काय झालंय हो लिफ्टला?"

जुन्या सवयीने साहेबांचे डोळे मिटले. मग त्यांनी ते उघडले. अंधारात तसा काही फरक पडला नाही. "मला माहीत नाही," ते वर तोंड करून म्हणाले. "मला लिफ्टमधलं काही कळत नाही. मेकॅनिकला बोलवा आणि लवकर बोलवा, आत म्हातारं माणूस आहे."

बोलून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. एवढ्याशा वाक्यासाठी आपण किती वर्षं घालवली, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

"आजी," मुलगी म्हणाली, "तुला माहितीये, जमिनीच्या खाली खूप खोल दगड वितळलेले असतात."

आजी अंधारात धरायला काहीतरी चाचपत होत्या.

"ते दाटीने बसलेले असतात. त्यांना वर यायचं असतं, पण वाट नसते. मग दाब वाढतो." ती बोलायला लागली. हे भाषण तिने कितीतरी वेळा पाठ केलं होतं आणि दर वेळी दुसऱ्याच वाक्याला तिचा आवाज बसायचा. आता अंधारात तिला कोणी बघत नव्हतं आणि एका माणसाला तिच्या बोलण्याची खरोखर गरज होती. पाठ केलेलं संपलं तरी ती थांबली नाही. लाव्हा थंड झाल्यावर तिथली माती किती सुपीक होते, लोक परत तिथेच घरं का बांधतात, हे तिने बापालाही कधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंचा श्वास हळूहळू सावरला.

"मग त्या लोकांना भीती नाही का वाटत?" त्यांनी विचारलं.

"वाटते. पण त्यांचं घर तिथे असतं ना."

"हं," सासूबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "जावईबापू, माझ्या पायाला काहीतरी थंड लागतंय."

तेवढ्यात दिवा आला. अंधारात धरायला म्हणून सासूबाईंच्या हाताला जॅकचं हँडल लागलं होतं, आणि गोष्ट रंगेल तसतसं त्या ते फिरवत गेल्या होत्या. शिखरातून लाव्हा झोकात वाहत होता. घरं सोडून बाकी तिन्ही बाजू लाल झाल्या होत्या आणि साहेबांचे ठेवणीतले बूट पायथ्याच्या सरोवरात उभे होते. लिफ्ट खाली पोचून दार उघडलं तेव्हा समोर सेक्रेटरी, डॉक्टर आणि मेकॅनिक उभे होते. लाव्हा उंबरा ओलांडून आधी बाहेर आला. मागून सासूबाई आल्या आणि मेकॅनिकला म्हणाल्या, "सुटका झाली, पण थोडी लवकर केलीत. गोष्ट राहिली की."

डॉक्टर घरी गेले, फडकं आणि बादली घेऊन आले आणि वाकून पर्वत पुसायला लागले. "चला, हेडक्लार्कसाहेब, उशीर होतोय तुम्हाला," ते म्हणाले. त्यांना खोकला आला नाही. साहेबांनी पर्वताची दुसरी बाजू धरली.

शाळेत पोचेपर्यंत परीक्षकांची फेरी सुरू झाली होती. परीक्षक म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. हातात माईक घेऊन टेबलाटेबलाशी जात होते, म्हणजे सगळ्या सभागृहाला ऐकू जावं. मुलं प्रकल्पांच्या पुढे उभी होती आणि वडीलमंडळी मागे, हात पाठीशी बांधून, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने. बायको दारातच भेटली. तिने नवऱ्याचे बूट पाहिले आणि बरणीतला उरलेला लाव्हा पिशवीत भरायला घेतला.

प्राध्यापक त्यांच्या टेबलाशी आले. मुलगी बोलली. आवाज फार मोठा नव्हता, पण थांबला नाही. साहेबांनी हँडल फिरवलं. उरलेला लाव्हा थोडकाच होता, तरी थेंब शिखरावर आला, थबकला, उतरला. मागून आणखी चार आले. प्राध्यापकांनी खाली वाकून जॅक पाहिला आणि खूश होऊन माईक तिच्यापुढे धरला. "फारच छान. आणि बाळ, हे सगळं तू एकटीने केलंस?"

हा प्रश्न ते प्रत्येक टेबलाशी विचारत आले होते, आणि प्रत्येक टेबलाशी 'हो सर' हे उत्तर मिळालं होतं. तो एक शिष्टाचार होता.

"नाही," मुलगी म्हणाली. ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "बाबांनी केलं. पिशवी आजीची आहे. प्लास्टर डॉक्टरआजोबांनी लावलं. मी रंग दिला आणि मी बोलते."

मुख्याध्यापिका बाईंनी हळूच विज्ञानाच्या बाईंकडे पाहिलं. मागे उभ्या असलेल्या वडीलमंडळींनी छताचं निरीक्षण सुरू केलं. नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं की प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः केलेला हवा. साहेबांना नियम पाठ असायचे. हाच नेमका त्यांनी वाचून विसरून टाकला होता. त्यांचे कान तापले. पण मुलीने त्यांच्याकडे वळून बघितलं ते असं, की त्यांना मान खाली घालावीशी वाटली नाही. कोणीतरी जाहीरपणे, माईकवरून सांगितलं होतं की ही वस्तू या माणसाने केली आहे. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो कागदांवर शिक्के मारले होते, पण असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

प्राध्यापक पुढच्या टेबलाकडे सरकले. तिथे काचेच्या टाकीत पाणबुडी होती. "आणि हे तू?"

त्या मुलाने मागे वडिलांकडे पाहिलं, मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे. "तयार मिळते सर. आम्ही फक्त नाव बदललं."

त्याच्या पलीकडची मुलगी तर प्रश्नाची वाटही न बघता म्हणाली, "माझी पवनचक्की मामाने केली. मामा सुतार आहे." एकदा बांध फुटला म्हटल्यावर मग कोण थांबतंय. काका निघाले, ट्यूशनचे सर निघाले, एका ठिकाणी तर ऑफिसचा शिपाई निघाला. मुलं इतकी मोकळेपणाने सांगत होती, की प्राध्यापकांना विचारायची गरज पडेना. मुख्याध्यापिका बाई चष्मा पुसत होत्या आणि तो काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

अगदी शेवटच्या टेबलावर दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची एक वाकडी क्रेन होती. ती एक पेन्सिल उचलायची आणि अर्ध्या वाटेत टाकून द्यायची. "हे कोणी केलं?" प्राध्यापकांनी आता जरा थकल्या आवाजात विचारलं.

"मीच," तो मुलगा ओशाळून म्हणाला. "आईबाबा परगावी गेलेत. दुसरं कोणी नव्हतं."

पहिलं बक्षीस त्याला मिळालं. दुसरं आणि तिसरं देण्यासारखं कोणी उरलं नाही.

बक्षीस समारंभ आटपल्यावर वडीलमंडळी आपापले प्रकल्प उचलून बाजूच्या दाराने पटापट निघून गेली. जाताना काहींनी साहेबांकडे असं पाहिलं, की सासूबाई मधे येऊन उभ्या राहिल्या. साहेब पर्वत पाटावर चढवत होते तेवढ्यात पाणबुडीचे वडील परत आले. भारी कोट घातलेला मोठा माणूस. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून आवाज खाली घेतला.

"हे तुम्ही खरंच स्वतः केलंत? म्हणजे हातांनी?"

"हो," साहेब म्हणाले.

"खाली जॅक आहे म्हणे. मला दाखवाल का? मी लहानपणी असलं काहीतरी करायचो. मग राहून गेलं."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पर्वत पुन्हा टेबलावर ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "त्याचं काय आहे, हवेला धीर नसतो, म्हणून..."

"बाबा, थांबा," मुलगी त्यांच्या आणि टेबलाच्या मधे शिरत म्हणाली. "मी सांगते. जमिनीच्या खाली, काका, खूप खोल..."

साहेब एक पाऊल मागे सरले आणि हँडल धरून उभे राहिले, ती सांगेल तेव्हा फिरवायला.